प्रोजेक्टरला केबल जोडताना

सोमवारी ऑफिसात डबा खाताना सहज बोलून गेलो, की शनिवार-रविवार भोकरला जाऊन घरच्या प्रोजेक्टरला केबल जोडून आलो. टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एकजण म्हणाला, "केबल? म्हणजे ते... केबलवाला येतो ते केबल?" दुसऱ्याने लगेच सल्ला दिला, "अरे एक स्टिक घे, वायफाय लाव, संपलं. कशाला वायरींचा पसारा?"

सल्ला बरोबर होता. इतका बरोबर, की मी आधी तोच अमलात आणला होता! तो कसा फसला, आणि पुणे ते नांदेड रात्रभर, पुढे भोकरपर्यंत सव्वा-दीड तास असा प्रवास करून मी एक पिवळी पिन एका भोकात घालायला का गेलो, ते आज सांगतो. जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

तर आमचं घर भोकरला. (कुठे आलं हे भोकर, असं विचारणाऱ्यांसाठी : नांदेड जिल्हा, मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर. नंदीग्राम एक्सप्रेसने कधी गेला असाल तर झोपेत ओलांडलं असेल.) घरी आई आणि अण्णा दोघंच. अण्णा निवृत्त शिक्षक. आईच्या डोळ्यांना तीन वर्षांपूर्वी मॅक्युलाचा त्रास सुरू झाला. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर. तो बिघडला की कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसल्यासारखं होतं. आई घरात बिनधास्त फिरते, स्वयंपाक करते, अंगणात कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून सांगते. चेहरे मात्र गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही.

आईला टीव्हीचा भारी नाद. सकाळी कीर्तन, दुपारी जुना सिनेमा, संध्याकाळी सातपासून मालिका. डोळे बिघडल्यावर तिने यावर स्वतःच उपाय काढला. प्लॅस्टिकची खुर्ची उचलायची आणि बत्तीस इंची टीव्हीसमोर दोन फुटांवर नेऊन बसायचं. दिसायचं थोडंफार. पण मग मागे दिवाणावर बसलेल्या अण्णांना टीव्हीऐवजी आईचा अंबाडा दिसायचा. अण्णा उठून ओसरीत जायचे. मग आई एकटीच, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून, काचेला नाक लावल्यासारखी. सुट्टीत घरी गेलो की मला ते बघवायचं नाही. त्यात ती मधूनच विचारायची, "ही रडायली ती कोण रे, थोरली का धाकली?" आणि उत्तर द्यायला मागे कुणी नसायचं.

आता आपण पडलो इंजिनिअर. दुःख झालं की आपण गणित करतो. बत्तीस इंची टीव्हीची रुंदी साधारण एकाहत्तर सेंटिमीटर. भिंतीवर ऐंशी इंची चित्र पाडलं तर रुंदी होते एकशे सत्याहत्तर. म्हणजे अडीचपट. दोन फुटांवरून टीव्ही जेवढा मोठा दिसतो, तेवढंच हे चित्र पाच फुटांवरून दिसणार. पाच फुटांवर आमचा दिवाण आहे. आईने दिवाणावर, अण्णांच्या शेजारी, उशीला टेकून बसावं आणि तिला तेवढंच दिसावं! एवढं साधं गणित तीन वर्षं सुचलं नाही याची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरात मी ऑनलाइन सेलमध्ये एलईडी प्रोजेक्टर घेऊन टाकला.

दिवाळीत नेला. सोबत स्टिक, फोनवरून चालणारं वायफाय, माझ्याच खात्याची दोन-तीन अ‍ॅप्स. समोरची भिंत चुन्याची, पांढरीशुभ्र. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंतीवर सिनेमा लावला तेव्हा गल्लीतली पोरं दारात गोळा झाली. आई म्हणाली, "लई मोठं दिसायलंय रे." मी कृतकृत्य. आता केबल बंद करून टाका, महिन्याचे पैसे वाचतील, असंही अण्णांना सांगून आलो. नशीब, अण्णांनी ऐकलं नाही.

पुण्याहून रोज फोन. "प्रोजेक्टर चालू आहे ना?" "हाव, छान चालू आहे." मुलगा इतक्या हौसेने काहीतरी घेऊन आला की आईवडील काय उत्तर देतात हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी आपण विश्वास ठेवतो. संक्रांतीला घरी गेलो तर प्रोजेक्टरवर भरतकाम केलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. आणि आई दोन फुटांवर, खुर्चीत.

"कामून गं, नाही वापरलं?"

"मला काय दिसतंय त्यात. समदे डब्बेच डब्बे."

आईने एका वाक्यात केलेलं हे परीक्षण मी अजून कुठल्याही गॅजेटवाल्या पानावर वाचलेलं नाही. स्टिक सुरू केली की काय येतं ते आठवून बघा. चौकोनच चौकोन. त्यातला कुठला 'निवडलेला' आहे ते त्याच्या कडेच्या बारीक पांढऱ्या रेघेवरून ओळखायचं. उजवीकडे तीनदा, खाली दोनदा, मग प्रोफाइल विचारणार, मग जाहिरात, मग 'पुढे चालू ठेवायचं का'. आणि आज जे तिसऱ्या खणात होतं ते उद्या पाचव्यात, कारण कुणीतरी कुठेतरी ठरवलं की तुम्हाला हे नवीन आवडेल. ज्याला दिसतं त्याला यात काहीच अवघड नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी रोज कुणीतरी घरातलं सामान हलवून ठेवावं तसं आहे ते. ऐंशी इंची करा नाहीतर आठशे इंची.

मग मी आईला केबलचा रिमोट चालवताना नीट बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती रिमोटकडे बघतच नाही. अंगठा फिरवते आणि पाचच्या बटणावरचा उंचवटा शोधते. (तुमच्या रिमोटवर, फोनच्या कीपॅडवर, एटीएमवर पाचच्या आकड्यावर एक बारीक टिंब असतं. हात लावून बघा.) तिथून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. तीन आकडे दाबले की कीर्तन. दुसरे तीन दाबले की मालिका. असे नऊ-दहा नंबर तिला पाठ आहेत, नातेवाइकांचे फोन नंबर पूर्वी पाठ असायचे तसे. नंबर दाबला आणि जो आवाज ऐकू यायला हवा तो आला, की काम फत्ते. पडद्यावर काही वाचायची गरजच नाही.

गंमत बघा. आपल्या धंद्यात 'यूजर इंटरफेस' या दोन शब्दांवर लोकांची करिअर उभी आहेत. आणि आईच्या कामाचा इंटरफेस बनवलाय कुणी, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वी रिमोटवर आकडे छापणाऱ्यांनी. नुसता आकडा, एक उंचवटा, आणि लगेच मिळणारा आवाज. माझं मत विचाराल तर कमी दिसणाऱ्या माणसासाठी आजही घरगुती टीव्हीत याच्याइतकं चांगलं काही सहज मिळत नाही. आणि आपण पोरं सणासुदीला घरी जाऊन 'केबल जुनं झालं' म्हणून तेच पहिल्यांदा तोडतो.

बोलून शोधायची सोय आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. ती वापरून झाली. नेट चांगलं असलं, आईने मालिकेचं नाव नेमकं घेतलं, आणि यंत्राला तिची मराठवाडी बोली कळली, तर शोध लागतो. मग पडद्यावर येतात चार पर्याय. चौकोनांत. म्हणजे पुन्हा डब्बेच. आणि 'ते दुपारचं कीर्तन' ही काही शोधता येण्यासारखी गोष्ट नाही. आईला अमुक एक कार्यक्रम नको असतो, तिला तिच्या वेळी तिच्या नंबरवर जे चालू असेल ते हवं असतं.

म्हणजे करायचं काय, तर आईचा रिमोट तसाच ठेवून चित्र तेवढं भिंतीवर न्यायचं. प्रोजेक्टरला केबल जोडायचं. इथून पुढे सगळी हमाली.

पहिली गोष्ट, प्रोजेक्टरला ट्यूनर नसतो. पूर्वीच्या टीव्हीत केबलची गोल पिन थेट खुपसता यायची, कारण त्या वायरीतून येणाऱ्या ढीगभर चॅनलांतून एक वेगळं काढणारा ट्यूनर टीव्हीच्या पोटात असायचा. प्रोजेक्टर बिचारा नुसता पडदा. त्याला कुणीतरी तयार चित्र आणून द्यावं लागतं. २००७ साली आम्ही नांदेडला इंजिनिअरिंगला असताना भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटीची फायनल होस्टेलच्या भिंतीवर बघायची टूम निघाली होती. मागून आणलेला प्रोजेक्टर होता, केबलची वायर होती, पण दोघांची गाठ पडेना. शेवटी एका मित्राने घरून अडगळीतला व्हीसीआर आणला. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर असतो (नाहीतर तो कार्यक्रम रेकॉर्ड कसा करणार?), म्हणून केबल व्हीसीआरमध्ये आणि व्हीसीआरची पिवळी पिन प्रोजेक्टरमध्ये. कॅसेट न घालता व्हीसीआर चालवला. पाच धावांनी जिंकलो. असो.

आता तो प्रश्न उरलेला नाही. २०१२ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल केलं, आधी महानगरं, मग मोठी शहरं, आणि छोटी गावं-खेडी सगळ्यांत शेवटी, २०१७ च्या सुरुवातीला. तेव्हापासून प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स आहे आणि ट्यूनरचं काम तोच करतो. बॉक्समधून चित्र निघतं, ते प्रोजेक्टरला द्यायचं. कागदावर पाच मिनिटांचं काम.

प्रत्यक्षात आमच्या बॉक्सला एचडीएमआय नाहीच. साधा बॉक्स, मागे एक बारीक गोल भोक, हेडफोनचं असतं तसं. आणि प्रोजेक्टरला नुसतं एचडीएमआय. मधे कन्व्हर्टर हवा. इथे एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. बाजारात अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही करते. रंग तोच, आकार तोच, किंमतही जवळपास तीच, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मी कोणती मागवली असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. संक्रांत त्यातच गेली.

पुढच्या खेपेला योग्य डबी नेली. तिला वेगळी पाच व्होल्टची वीज लागते, ती यूएसबीतून दिली. बॉक्सच्या भोकातून निघणाऱ्या वायरीला तीन शेपट्या, पिवळी चित्राची, लाल-पांढऱ्या आवाजाच्या. रंगाला रंग जोडले. भिंतीवर मिट्ट काळोख, आणि स्पीकरमधून असा घुर्रर्र आवाज की अण्णा ओसरीतून आत आले. "काय करायलास रे? पाण्याची मोटार लावलीस का?"

तासभर मी कन्व्हर्टरला, प्रोजेक्टरला, एकूण आयुष्याला दोष दिला. मग केबलवाल्याच्या पोराला फोन केला. तो वीस मिनिटांत मोटारसायकलवर आला. (पुण्यात माझ्या इंटरनेट कंपनीची तक्रार आठवडाभर नुसती 'प्रक्रियेत' असते.) त्याने वायर बघितली, हसला, आणि लाल पिन काढून पिवळ्या भोकात घातली. भिंतीवर कीर्तन! कारण असं, की त्या बारीक पिनेवर चार पट्टे असतात आणि कुठल्या पट्ट्यावर चित्र, कुठल्यावर आवाज, याचा क्रम वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळा ठेवलाय. दुसऱ्या क्रमाची वायर लावली की चित्र पिवळ्याऐवजी लाल शेपटीतून बाहेर पडतं, आणि चित्राचा सिग्नल स्पीकरमध्ये शिरून घुर्रर्र करतो. हे मला कॉम्प्युटर सायन्सची पदवी असून माहीत नव्हतं. त्याला होतं, कारण त्याने असे शेकडो बॉक्स जोडलेत.

आता चित्राची प्रत. साध्या बॉक्समधून येतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र, तेही जुन्या पिवळ्या वायरीतून. ते ऐंशी इंचांवर ताणलं की माझ्यासारख्याच्या डोळ्यांत खुपतं. कडा विरघळलेल्या, लाल रंग सांडल्यासारखा. मला भयंकर अपराधी वाटायला लागलं. एचडी बॉक्स घेऊया, सरळ एचडीएमआयने जोडूया, असं मी म्हणतोय, तोवर आई दिवाणावरून म्हणाली, "राहू दे की. चांगलं तर दिसायलंय." खरंच होतं. बारीक ठिपके तिच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. तिला हवा आकार, आणि काळ्या-पांढऱ्यातला ठळक फरक. आपण ज्या गोष्टीसाठी भांडतो, फुल एचडी का फोर के, त्या तिच्या हिशेबात नाहीतच. उलट ज्या बाबतीत प्रोजेक्टर खरोखर कच्चा आहे ती तिला नडते. दिवसा खोलीत उजेड असला की चित्र फिकं पडतं, कारण प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही, भिंत जेवढी काळी तेवढाच त्याचा काळा. म्हणून खिडकीला जाड पडदे शिवून घेतले. तरी भर दुपारचा सिनेमा जुन्या टीव्हीवर, खुर्चीतच. एवढी हार मान्य केली.

मग पंचावन्न इंची टीव्हीच का नाही घेतला, हा रास्त प्रश्न. दिवसा तो प्रोजेक्टरला सहज हरवेल, लावायलाही सोपा, आणि तुमची खोली उजेडाची असेल तर मी तोच घ्या म्हणेन. पण वरचंच गणित करा. दोन फुटांवरच्या बत्तीस इंचाएवढं दिसायला पंचावन्न इंची टीव्ही साडेतीन फुटांवर हवा. दिवाण पाच फुटांवर. म्हणजे खुर्ची पुन्हा पुढे आणि पाठ पुन्हा आमच्याकडे. दीड फुटाचा तर प्रश्न आहे, पण सगळा खेळच त्या दीड फुटाचा.

बाकीच्या जोडण्यांमध्ये मला शहाणपण आलं ते हळूहळू. आवाज आधी ब्लूटूथ स्पीकरवर दिला होता, तो चित्राच्या मागे पडायचा. अण्णांनी लगेच पकडलं, "हा माणूस बोलून झाल्यावर बोलतो." वायरीने जोडला, प्रश्न मिटला. प्रोजेक्टर सुरू झाला की स्वतःचे चौकोन दाखवायचा. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी 'सुरू होताच एचडीएमआय दाखव' आणि 'वीज येताच सुरू हो' असे दोन पर्याय सापडले. ते केल्यावर भिंतीवरचं एक बटण दाबलं की बॉक्स, कन्व्हर्टर, प्रोजेक्टर, स्पीकर सगळे एकदम जागे होतात आणि शेवटी लावलेला चॅनल येतो. आईवडिलांसाठी प्रोजेक्टर घेत असाल तर ल्युमेन-बिल्युमेन नंतर बघा, हे दोन पर्याय आहेत का ते आधी बघा. (जुन्या, दिव्याच्या प्रोजेक्टरला मात्र असं बटणावरून बंद करू नका. त्यांचा दिवा तापलेला असतो, पंखा फिरून तो निवावा लागतो. एलईडीचं तसं नाही.)

लाईटचं रडगाणं आहेच. घरी इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू व्हायच्या त्या क्षणात बॉक्स बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर घेतो. शिवाय आपल्या घरी लाईट असून भागत नाही, केबलचा सिग्नल वाढवणारी डबी गल्लीतल्या ज्या घराच्या मीटरवर आहे तिथेही असावी लागते. यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि एक शंका होती ती न सांगताच सुटली. प्रोजेक्टर पाठीमागच्या फळीवर, बॉक्सही त्याच्याशेजारी. रिमोट मागे वळून धरावा लागणार, आणि आई तर सवयीने समोर चित्राकडेच धरणार. मी तिला समजावून सांगायच्या तयारीत होतो. तिने समोर धरला, नंबर दाबला, चॅनल बदलला. पांढऱ्या भिंतीवर आपटून रिमोटचा किरण मागे बॉक्सपर्यंत पोचत होता. चुन्याच्या भिंतीचे उपकार.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. हे सारं उभं आहे आईच्या पाठ असलेल्या नऊ-दहा नंबरांवर. ते नंबर कुणाचे?

पूर्वी ते आपले असायचे. जुन्या टीव्हीत अण्णा चॅनल 'ट्यून' करून ठेवायचे, एक नंबरवर दूरदर्शन, दोनवर बातम्या, असे. केबलवाल्याने चॅनल कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर टाकला तरी तो कितव्या नंबरला ठेवायचा हे घर ठरवायचं. शेजारच्या घरचे नंबर वेगळे. डिजिटल झाल्यावर नंबर वरून यायला लागला. चॅनलांची यादी आणि त्यांचे क्रमांक कंपनीच्या केंद्रातून बॉक्समध्ये उतरतात, आणि तिकडे बदलले की तुमच्याकडे बदलतात. चित्र चांगलं झालं, चॅनल वाढले, हे सगळं खरं. पण नंबराची मालकी घरातून गेली आणि कुणी हूं की चूं केलं नाही, कारण डोळे असलेल्याला त्याने काय फरक पडतो? तो यादी बघतो आणि नवा नंबर शोधतो.

नियम नाही असं नाही. ट्रायच्या २०१७ च्या नियमांत आहे की चॅनलला एकदा दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलू नये, आणि एका प्रकारचे चॅनल यादीत एकत्र ठेवावेत. तो केला गेला तो चॅनलवाले आणि केबलवाले यांच्यातल्या भांडणापायी. चांगला नंबर म्हणजे जास्त प्रेक्षक, म्हणजे पैसा. घरात रिमोट धरून बसलेल्या माणसाला या नंबरांची सवय जडते, त्याचाही या नंबरावर काही हक्क असावा, हा विचार त्यात मला दिसत नाही. आणि एक वर्ष म्हणजे किती? आईला नवीन दहा नंबर पक्के व्हायला दोन महिने लागतात. तोवर रोज संध्याकाळी कुणालातरी हाक.

मला विचाराल तर मागणी अगदी छोटी आहे. एक ते नऊ हे नंबर घराला द्या. त्यावर काय ठेवायचं ते घर ठरवेल, केबलवाल्याचा पोरगा एकदा भरून देईल, आणि वरून काहीही बदललं तरी बॉक्सने चॅनल त्याच्या मूळ ओळखीवरून शोधून त्याच बटणावर ठेवावा. प्रत्येक चॅनलला नंबराखेरीज आतली एक ओळख असतेच. म्हणजे लागणार काय, तर नऊ ओळींचा एक तक्ता. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरालाही आठवड्याभरात जमेल. बॉक्समध्ये 'आवडते चॅनल' नावाची यादी असते, ती आहे की, असं म्हणू नका. ती उघडायला मेनूत जावं लागतं, आणि मेनू म्हणजे काय ते आई सांगून चुकलीये.

आणि केबल जाणार, हे मला कळतं. आमच्या गल्लीतच किती घरांनी सोडलं. केबलवाल्याचा पोरगा चहा पिताना म्हणाला, "दादा, आता म्हाताऱ्या मानसांवरच चालू आहे आमचं." तो तक्रार करत नव्हता, सांगत होता. पण उद्या केबलच्या जागी जे येईल त्यातही आकड्यांची बटणं आणि न हलणारे नंबर घालायला कुणी अडवलंय का? आज स्टिकबरोबर जे रिमोट येतात त्यांच्यावर आकडे नाहीतच. चार-पाच कंपन्यांच्या जाहिरातीची बटणं मात्र आहेत! म्हणजे बटणाला जागा होती. ती कुणाला द्यायची हे ठरवताना आईचा विचार झाला नाही, एवढंच. आणि ठरवणारे कोण? तुमच्या-माझ्यासारखेच, लॅपटॉप घेऊन काचेच्या इमारतीत बसलेले.

रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी सात वाजता सगळे बसलो होतो. आई दिवाणावर, अण्णा शेजारी, मी खाली सतरंजीवर. आईने नंबर दाबला. मालिका सुरू झाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हिनं आज टिकली लावली नाही का रे?" मी बघितलं. खरंच लावली नव्हती. अण्णा म्हणाले, "नवरा रुसून गेलाय तिचा, कालपासून." मग दोघं त्या नवऱ्याबद्दल बराच वेळ बोलत होते.

परवा अण्णांचा फोन होता. केबलवाल्याने सांगितलंय की पुढच्या महिन्यात काही नंबर बदलणार आहेत. कुठले ते त्यालाही अजून आलेलं नाही. आईला अण्णांनी अजून सांगितलेलं नाही. मी शनिवारचं तिकीट काढून ठेवलंय.